वतन गेलं, शिकवण कुठे गेली?

सरकारी नोकरीतली सगळ्यात आधी कळणारी तारीख कुठली? निवृत्तीची. माणूस रुजू होतो तेव्हाच सेवापुस्तकात जन्मतारीख चढते. महाराष्ट्रात ड गटासाठी 60 आणि बाकी बहुतेकांसाठी 58, झाला हिशेब. तरी काय होतं? शाल-श्रीफळ दिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावर 'अतिरिक्त कार्यभार' येऊन पडतो.

आपलंच शहर घ्या. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली. समजा, तेव्हा एखादा अभियंता चाळीस वर्षांचा होता. तो 2027 मध्ये निवृत्त होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण त्याच्याबरोबर काय जाणार? सूर्या, उसगाव, पेल्हारचं पाणी शहरात येतं. कुठला व्हॉल्व्ह किती फिरवला की टोकाच्या चाळीत पाणी चढतं, भरतीच्या वेळी पाऊस आला की कुठला नाला आधी तुंबतो, हे आकृतिबंधात लिहिलेलं नसतं.

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञानं 1949 साली एक भेद मांडला. एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. पहिलं फायलीत मावतं. दुसरं मात्र जाणत्याच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

आता जरा मागे जाऊ. गावगाड्यात पाटील-कुलकर्ण्यांची वतनं वंशपरंपरेनं चालत. कुलकर्ण्याचा मुलगा बापाजवळ बसून दप्तर शिकायचा. व्यवस्था अन्यायाची होती, कारण बाकीच्यांच्या मुलांना तिथे दारच नव्हतं. म्हणून कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं गेली, महसुली पाटलांचं पद 1962 च्या कायद्यानं. योग्यच झालं. पण वतनाबरोबर ती जवळ बसून शिकण्याची सोयही गेली, आणि तिच्या जागी आपण पुरेसं काही उभं केलं नाही.

खाजगी कंपनीचा मालक 'माझ्यानंतर हा' म्हणून बोट दाखवू शकतो. सरकारला ते करता येत नाही, करूही नये. संविधानाचं कलम 16 संधीची समानता सांगतं. म्हणजे वारस नेमता येत नाही, पण वारसा तयार ठेवता येतो. दोन्हींत गल्लत नको.

अडचण कुठे आहे? मंजूर पद एक, माणूस एक. जुना उठल्याशिवाय नवा बसत नाही, म्हणजे दोघांची गाठच पडत नाही. कंत्राटी माणूस मधली वर्षं काम शिकतो, पण कंत्राट संपलं की तो शिकलेलं घेऊन जातो. त्याचा दोष नाही. आपण त्याला जागाच दिली नाही.

मग करायचं काय? पुढच्या पाच वर्षांत कोण निवृत्त होणार याची यादी आजच काढता येते. भरतीची मागणी त्या यादीवरून आधीच पाठवता येते. आणि निवृत्तीपूर्वीचे तीन-चार महिने नव्या माणसासाठी अधिसंख्य पद मंजूर करावं, म्हणजे दोघं एक पावसाळा तरी सोबत काढतील. यात तीन-चार पगारांचा खर्च आहे, नाही असं नाही. पण तो वाचवला तर त्याची किंमत टोकाच्या चाळीतली बाई रिकाम्या हंड्यानं मोजते.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.