गोमाशी ओळखायची तर डोळ्यांत पाहा

पोळ्याच्या दिवसांत पांढरकवड्याच्या आसपास एखादा बैल सारखी शेपटी झाडताना, पाय आपटताना दिसला, तर त्याच्या पोटाखाली नीट पाहावं. तिथे जाडजूड, करड्या रंगाची माशी चिकटलेली असू शकते. हीच गोमाशी, अर्थात घोडमाशी. शास्त्रात हिचं कुळ टॅबॅनिडी. जगभरात त्याच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत. गोठ्यातली ही माशी परसबागेतही येते. मोबाइलमध्ये तिचा फोटो मिळाला, तर ती ओळखायची कशी?

आधी पंख मोजावेत. मधमाशीला चार पंख असतात, माशीला दोनच. मग डोळे पाहावेत. गोमाशीचं जवळजवळ सगळं डोकं डोळ्यांनीच व्यापलेलं असतं, आणि काही जातींत त्यांवर हिरवे-जांभळे पट्टे झळकतात. माशी मेली की हे रंग उडतात. त्यामुळे टाचणीला टोचलेल्या नमुन्यात जे दिसत नाही, ते जिवंत माशीच्या फोटोत दिसतं. दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असले तर तो नर. मधे फट असली तर मादी. रक्त पिते ती मादीच, अंडी वाढवण्यासाठी. नर मधुरसावर भागवतो.

पुढची खूण पंखांवर. माशी मोठी आणि पंख स्वच्छ असतील तर बहुधा टॅबॅनस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट. पंखावर रुंद काळपट पट्टा असेल तर क्रायसॉप्स. राखाडी पंखांवर पांढुरकी नक्षी आणि पंख छपरासारखे उतरते मिटलेले असतील, तर हीमॅटोपोटा.

फसगतही होते. स्टोमॉक्सिस हीसुद्धा चावरी माशी, पण घरमाशीएवढीच. तिची सुईसारखी सोंड पुढे आलेली असते. फुलापाशी हवेत एका जागी तरंगते ती निरुपद्रवी सिरफिड माशी.

ही ओळख पशुपालकाच्याही कामाची आहे. ब्रिटिश पशुवैद्यक ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 साली तेव्हाच्या पंजाबात घोडे आणि उंटांच्या रक्तात सर्रा रोगाचा परजीवी शोधला. तो एका जनावरातून दुसऱ्यात नेण्यात गोमाशीचा मोठा वाटा असतो. गाई-म्हशींनाही सर्रा होतो. ताप येतो, रक्त कमी होतं, जनावर खंगतं.

फोटोवरून प्रजातीपर्यंत पोचता येतं. पण त्यातली नेमकी जात सांगायला पुष्कळदा नमुना सूक्ष्मदर्शकाखालीच ठेवावा लागतो. म्हणून वरून, समोरून आणि बाजूने असे तीन फोटो काढा, तारीख-ठिकाण नोंदवा. जनावराला ताप असेल, तर मात्र फोटोच्या नादी न लागता आधी पशुवैद्यकाला बोलवा.