कासदाहाची लस का अडली?

पांढरकवड्याचा मुलूख कापसाचा. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले, त्यात यवतमाळही होता. शेतीला जोडधंदा म्हणून दुधाळ गाई देण्याची योजना त्यात होती. संकरित गाय दारी आली की वैरण, पाणी आणि ढेपेची चिंता येते. त्यांच्या पाठोपाठ येतो कासदाह. सुजून दगडासारखी घट्ट झालेली कास पाहून खेड्यापाड्यांत याला ‘दगडी’ म्हणतात. चारपैकी एक सड कायमचा निकामी झाला, तर एक-दोन गाईंवर घर चालवणाऱ्याचे गणितच कोलमडते.

मग प्रश्न येतो, घटसर्पाची लस मिळते, तशी दगडीची का मिळत नाही?

पहिले कारण असे, की घटसर्प एकाच जातीच्या जिवाणूमुळे होतो. कासदाहाचे जिवाणू अनेक. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा गाईच्या सडावर व धार काढणाऱ्याच्या हातावर राहतो आणि एका गाईकडून दुसरीकडे जातो. ई. कोलाय शेणातून येतो. एकाची लस दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

दुसरे कारण कासेतच आहे. लस टोचल्यावर प्रतिपिंडे तयार होतात ती रक्तात. निरोगी कासेत त्यांतली फार थोडी दुधात उतरतात. जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी दुधात पोहोचल्या, तरी स्निग्धांशाचे कण आणि केसीन गिळण्यातच त्यांची बरीच ताकद खर्च होते.

म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांकडे गेले. ही प्रथिने म्हणजे जिवाणूचे हातच समजा. स्टॅफिलोकोकसचे एक प्रथिन फायब्रिनोजेनला पकडते, दुसरे फायब्रोनेक्टिनला. या पकडीच्या जोरावर तो ऊतींना चिकटतो, दुधाच्या धारेबरोबर वाहून जात नाही. पुढे तो थेट पेशींच्या आत दडून बसतो, तिथे प्रतिजैविकेही नीट पोहोचत नाहीत. या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, तर जिवाणूला चिकटताच येणार नाही, अशी ही कल्पना. शिवाय हे हात पेशीच्या बाहेर असल्याने शरीराला ते ओळखता येतात.

पण जिवाणूही कमी नाही. प्रतिपिंड इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे असते. दोन हातांनी ते जिवाणू धरते, तर शेपटीने पांढऱ्या पेशीला बोलावते. स्टॅफिलोकोकसवरील ‘प्रोटीन ए’ नेमकी ती शेपटीच पकडते. प्रतिपिंड उलटे चिकटते आणि हाक द्यायला शेपटी मोकळी राहत नाही. या प्रथिनात बदल करून त्याची ही पकड काढून टाकण्याचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत. दुसरी अडचण म्हणजे चिकटण्याची प्रथिने अनेक आहेत. एक हात बांधला, तर दुसरा मोकळा राहतो. त्यामुळे अनेक प्रथिने एकत्र घेऊन लस करण्याकडे संशोधकांचा कल आहे.

युरोपात २००९ मध्ये ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस या दोन्ही जिवाणूंविरुद्धच्या एका लशीला परवानगी मिळाली. तिच्यात निवडक प्रथिने नाहीत, मारलेले अख्खे जिवाणू आहेत. तिने आजाराचे प्रमाण व तीव्रता कमी होते, पण आजार पूर्ण टळतो असा दावा नाही. कासदाहाच्या कोणत्याही लशीकडून सध्या एवढीच अपेक्षा धरावी.

तोवर जिवाणूला चिकटण्याची संधीच न देणे आपल्या हाती आहे. धारेआधी हात आणि सड धुऊन कोरडे करावेत. आजारी गाईची धार शेवटी काढावी. धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि लगेच वैरण टाकावी. सडाचे तोंड मिटायला साधारण अर्धा तास लागतो, तेवढा वेळ गाय खात उभी राहील, शेणात बसणार नाही. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत, मात्रा अर्धवट सोडू नये आणि त्या काळातले दूध विकू नये. लस उद्या आली, तरी गोठ्यातली ही कामे सुटणार नाहीत. लशीने त्यांना जोड मिळेल, इतकेच.