कॅराध्रस: बर्फाने रोखलेला घाट

कुठे: जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘मिडल-अर्थ’मधील मिस्टी माउंटन्स रांगेत. रेडहॉर्न खिंड कॅराध्रस शिखराच्या कुशीतून जाते. मोरियाची भुयारे याच डोंगरांखाली.

आधीचा घाला: तिसरे युग, 2509. एल्फ सरदार एल्रॉंडची पत्नी केलेब्रियन हिला ऑर्क राक्षसांनी इथेच पकडले. तिच्या मुलांनी सोडवले, पण विषारी जखमेने ती खचली. पुढच्याच वर्षी तिने समुद्रापारची वाट धरली.

नऊ जणांची चढाई: त्याच युगात, 11 जानेवारी 3019. अंगठी नष्ट करायला निघालेले नऊ सोबती घाट चढू लागले. पायथ्याशीच बोरोमिरने प्रत्येकाला लाकडाची मोळी घ्यायला लावली. पुढे हिमवादळात जीव वाचला तो त्याच सरपणावर. ओला लाकूडफाटा पेटेना. अखेर जादूगार गँडाल्फने काठी टेकवून जाळ काढला. सकाळी अ‍ॅरागॉर्न आणि बोरोमिर यांनी अंगाने बर्फ फोडत उताराची वाट केली. हलक्या पावलांचा एल्फ लेगोलास बर्फावरूनच पुढे गेला. घाट सोडून 13 तारखेला सगळे मोरियाच्या दाराशी.

पुस्तक आणि पडदा: 2001च्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ चित्रपटात वादळ उठवतो दुष्ट जादूगार सारुमान. त्याच नावाच्या कादंबरीत (1954) त्याचा हात नाही. नऊ जणांतला ड्वार्फ गिम्ली दोष देतो तो डोंगरालाच.

खरे डोंगर: टॉल्किन 1911मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पायी हिंडले. तिथले सिल्बरहॉर्न शिखर म्हणजे कॅराध्रसशेजारचे केलेब्दिल, असे त्यांनीच पत्रात लिहिले.