खंदक, गढी आणि पांढरीची माती

इतिहासाच्या तासाला ‘खंदक’ म्हटलं की मुलांच्या चित्रात मगरी येतातच! खंदक म्हणजे राजाचा किल्ला, हे डोक्यात पक्कं असतं. पण इंग्लंडच्या खेड्यांत मध्यम जमीनदारांच्या घरांभोवतीही खंदक खणलेले होते. अशा काही हजार जागा माहीत आहेत, बहुतेक १२०० ते १३२५ या काळातल्या. तिथली जमीन चिकणमातीची, त्यामुळे खणलं की पाणी साचून राहतं. निघालेली माती आत टाकली की घराची जागा उंच आणि कोरडी. सैन्य काही यानं अडत नाही. चोर अडतात, मासे पाळता येतात आणि मुख्य म्हणजे गावात ऐट दिसते.

आपल्याकडे हे काम गढीनं केलं. देशावर, मराठवाड्यात, खानदेशात, वऱ्हाडात पाटील-देशमुखांच्या गढ्या असायच्या. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती, हे मुलांना जरूर सांगा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती साचून पांढरी बनते. गढीच्या जाड भिंती त्याच मातीच्या, पायाला दगड, कोपऱ्यांना बुरूज. आत वाडा, आड आणि धान्याची पेवं. पेंढारी आले की गाव आत शिरायचं.

मग खंदक का नाही? माझ्या मते पाऊस चारच महिने, हे मोठं कारण. कोरड्या खंदकाचाही अडसर होतो, पण तो खणायला माणसं आणि पैसा लागतो. म्हणून खंदक दिसतात ते अहमदनगर, चाकण अशा भुईकोटांना. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकण शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. आपल्या घोडबंदर किल्ल्याला तर शेजारी खाडीच आहे!

इंग्लंडमध्ये घर गेलं तरी खड्डा उरतो आणि सरकारी नकाशावर जुन्या वळणाच्या अक्षरांत त्याची नोंद असते. आपली गढी मातीची. वरचं छप्पर गेलं की दर पावसाळ्यात थोडी वाहून जाते. उरलेली माती लोक धाब्याच्या घरांवर टाकायला नेतात. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, पण नोंद तरी व्हायला हवी ना?

आपल्या वर्गातली कितीतरी मुलं मे महिन्यात गावी जातात. गावात गढी असेल तर पालकांनी मुलांकडून एवढं लिहून घ्यावं: बुरूज किती उरलेत, दरवाजा कुठल्या दिशेला आहे, माती कोणी आणि कशासाठी नेली. आजी-आजोबांना विचारलं की बरंच कळतं. फोटो लांबूनच काढायला सांगा. जुनी मातीची भिंत कधी ढासळेल, नेम नसतो.