एका गिरणीसाठी एक कायदा

सोलापूरकर जिला आजही ‘जुनी गिरणी’ म्हणूनच ओळखतात, त्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीचा पाया मुंबईचे धनाढ्य व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी घातला, आणि १८७७ साली, दख्खनेत दुष्काळाने हाहाकार माजवला असतानाच, तिच्यात सूत निघू लागले. नरसिंगगिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या तिच्यामागून आल्या. पेठापेठांतून गिरणकामगारांच्या आणि तेलुगू विणकरांच्या वस्त्या वाढल्या, आणि भोंग्याच्या वेळा सांभाळूनच गावाच्या चुली पेटू लागल्या. या गिरणीच्या वैभवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र तिच्या आयुष्यातील तो काळ अधिक उद्बोधक वाटतो, जेव्हा तिचा कारभार सुधारण्यासाठी दिल्लीच्या सरकारला तिच्या एकटीच्या नावाचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

कापडगिरणी म्हणजे काय प्रकरण असते, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. रुईची गाठ फुटली की ती पिंजली जाते, कार्डिंगमधून तिचा पेळू निघतो, रिंग खात्यात त्याला पीळ बसतो, मग वाइंडिंग, मग ताणा, आणि ताण्याला खळ देऊन झाल्यावरच तो मागावर चढतो. खळ पातळ राहिली तर तारा घासून तुटतात, अधिक चढली तर सूत ताठर होऊन तुटते. त्यातही मुंबईच्या गिरणीला समुद्राची दमट हवा आयतीच लाभते, तर सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात खात्यातली हवा मुद्दाम ओलसर राखावी लागते. एक खाते अडले की पुढचे उपाशी बसते. या सगळ्यावर नजर जॉबरची, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाची. बदली कामगाराची भरती असो की तुटक्या तारेची तक्रार, सारे त्याच्या मर्जीतून जायचे. दप्तरात बसून ही मर्जी बदलता येत नाही.

आणि दप्तरात तरी कोण बसत असे? त्या काळच्या बहुतेक गिरण्यांप्रमाणे येथेही कंपनी भागधारकांची, निर्णय संचालकांच्या नावे, आणि प्रत्यक्ष मुखत्यारी मात्र व्यवस्थापक एजंटांची. एजंटांचे कमिशन पुष्कळ ठिकाणी नफ्यावर नव्हे, तर उत्पादनावर वा विक्रीवर ठरलेले असे; तेव्हा तोट्याची झळ प्रथम दुसऱ्यालाच लागे. अशी रचना सुकाळात खपून जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत ती उघडी पडली, आणि २७ ऑगस्ट १९४९ रोजी संचालकांनी गिरणी बंद केली.

सरकारने नेमलेल्या नियंत्रकाने पुढे जो उपाय सुचवला, तो हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक होता. शंभर रुपयांच्या प्राधान्य भागांवर प्रत्येकी पन्नास रुपयेच भरलेले असल्याने उरलेले पन्नास मागवावेत, आणि त्या पैशातून गिरणी चालवावी. संचालकांनी, ही मागणी कंपनीच्या हिताची नाही, असे सांगून नकार दिला. तेव्हा ९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे संविधान अमलात येण्यास अवघे सतरा दिवस उरले असताना, गव्हर्नर जनरलनी वटहुकूम काढला, आणि एप्रिलमध्ये त्याचेच कायद्यात रूपांतर झाले. कारण नमूद केले होते ते असे, की गैरकारभार व हयगय यांमुळे एका जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनास बाध आला आहे आणि मोठी बेकारी ओढवली आहे. संचालक एका फटक्यात बडतर्फ. एजंटांचा करार संपुष्टात. भागधारकांनी ठराव केला तरी सरकारच्या मंजुरीवाचून तो निरर्थक. फेब्रुवारीत नव्या संचालकांनी तेच पन्नास रुपये मागितले.

चिरंजीतलाल चौधरी नावाच्या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात विचारले, की देशात इतक्या कंपन्या असताना एकीलाच वेगळा कायदा लावणे हे समतेच्या हक्काविरुद्ध नव्हे काय? ४ डिसेंबर १९५० च्या निकालात पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी सरकारची बाजू राखली. प्रसंग असाधारण असेल, तर एकासाठीचा कायदाही कायदाच ठरू शकतो, हा त्यांचा युक्तिवाद आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. विरोधी मत देणाऱ्या दोघांत पतंजली शास्त्री होते. पुढे द्वारकादास श्रीनिवास या प्राधान्य भागधारकाने मागणीलाच आव्हान दिले. मुंबईत तो हरला. परंतु १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आता सरन्यायाधीश झालेल्या पतंजली शास्त्रींच्याच अध्यक्षतेखाली, असे ठरवले की नाव देखरेखीचे असले तरी हा मालमत्तेचा ताबाच आहे, आणि भरपाईवाचून ताबा घेता येत नाही. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीत सार्वजनिक हितासाठी मर्यादित मुदतीपुरते व्यवस्थापन हाती घेण्याची जी तरतूद आली, तिच्यामागे या निकालाची सावली स्पष्ट दिसते.

माझ्या मते सरकारचा हेतू रास्त होता. हजारो घरांची रोजी एजंटांच्या लहरीवर सोडणे कोणत्याही नव्या राष्ट्राला शोभले नसते. पण सुधारणेची सुरुवात त्याने केली ती खुर्च्यांपासून आणि वसुलीपासून, आणि ज्यांच्याकडून पैसा काढायचा त्यांचा विश्वासच पहिल्या दिवशी गमावला. दोन्ही खटल्यांचे निकाल चाळले तर भागधारकाचे हक्क तोळ्यामाशाने तोललेले आढळतात. कामगार तेथे येतो तो केवळ ‘बेकारी’ या एका शब्दात. खळीच्या खात्यात काय बदलले, बदलीवाल्याची हजेरी आता कोणाच्या हाती आली, हे विचारण्याचे प्रयोजन न्यायालयाला नव्हते. ते कारभाऱ्यांना होते. अखेर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही गिरणी कायमची बंद पडली.

व्यवस्थापक एजंटांची पद्धत संपूर्ण देशातून हद्दपार झाली ती ३ एप्रिल १९७० रोजी. सोलापूरच्या एका गिरणीपुरती ती त्याआधी वीस वर्षे एका वटहुकुमाने संपवली गेली होती.