स्वस्त दारूचा किमान भाव : मंत्रालय ते आसगाव

10 जून 2025 रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्काची फेररचना मंजूर केली. तिच्यासोबतच 180 मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे बोलीतल्या पव्व्याची, किमान किरकोळ किंमत प्रकारवार ठरवण्यात आली : देशी दारू 80 रुपये, राज्यातील उत्पादकांनीच धान्यापासून बनवायचे ‘महाराष्ट्र मेड लिकर’ 148 रुपये, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य 205 रुपये आणि उंची विदेशी मद्य 360 रुपये. या फेररचनेतून सुमारे 14,000 कोटी रुपयांचा वाढीव महसूल मिळेल, असा शासनाचा अंदाज होता. किंमत वाढली की पिणे घटते, या गृहीतकाची कसोटी पाहायची असेल, तर भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव आणि त्याच्या आसपासचा वैनगंगाकाठचा मुलूख ध्यानात घ्यावा लागतो, कारण परवान्याच्या दारूला येथे मोहाच्या दारूशी स्पर्धा करावी लागते.

या मुलखाचा अबकारी इतिहास मुंबई इलाख्याहून वेगळा आहे. भंडारा जिल्हा मध्य प्रांतात असल्यामुळे येथे 1915 चा मध्य प्रांत अबकारी कायदा चाले, तर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा विदर्भाला लागू झाला तो 1956 मधील राज्य पुनर्रचनेनंतर. ब्रिटिश सरकारचे घोषित धोरण किमान सेवनातून कमाल महसूल मिळवण्याचे होते. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद 47 मध्ये दारूबंदीचे उद्दिष्ट ठेवले, पण मद्यावर कर बसवण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला, आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही पिण्याचे मद्य त्याबाहेरच ठेवले गेले. परिणामी दारू हे राज्याच्या हाती उरलेले मोठे करसाधन ठरले आणि तिचा भाव ठरवताना आरोग्याचा व तिजोरीचा हिशेब एकाच फाइलीत मांडला जाऊ लागला.

हा हिशेब एका पव्व्यापुरता मांडून पाहता येतो. देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरवर आकारले जाते. प्रूफ म्हणजे सुमारे 57 टक्के मद्यार्क असलेले प्रमाण द्रावण, आणि त्याच्या तुलनेत 25 अंश अंडरप्रूफ, म्हणजे 42.8 टक्के मद्यार्काचा पव्वा 0.135 प्रूफ लिटर भरतो. शुल्क 180 वरून 205 रुपये झाले, तेव्हा अशा पव्व्यावरचा बोजा 24 रुपये 30 पैशांवरून सुमारे 27 रुपये 70 पैशांवर गेला, म्हणजे वाढ साडेतीन रुपयांचीही नाही. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचे शुल्क मात्र उत्पादनखर्चाच्या पटीत मोजले जाते, आणि लिटरमागे 260 रुपयांपर्यंत खर्च घोषित केलेल्या मद्यासाठी ही पट तिनावरून साडेचार झाली. लिटरला 200 रुपये खर्च दाखवलेल्या पव्व्यावर पूर्वी 108 रुपये शुल्क पडे, ते 162 झाले. विदेशी मद्याचा साधा आणि उंची पव्वा घेतला, तर दोहोंत मद्यार्क सारखाच, साधारण 77 मिलिलिटर असतो, तरी त्यांच्या किमान किमतींत 155 रुपयांचे अंतर आहे. शरीरावर परिणाम करणारा मद्यार्क या रचनेत दुय्यम ठरतो आणि भाव ठरतो तो मद्याच्या वर्गावरून.

स्कॉटलंडने याउलट मद्यार्कालाच माप मानले. तेथे 1 मे 2018 पासून शुद्ध मद्यार्काच्या दर 10 मिलिलिटरमागे किमान 50 पेन्स भाव लागू झाला व 30 सप्टेंबर 2024 पासून तो 65 पेन्स करण्यात आला. स्कॉच व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने दिलेले आव्हान ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये फेटाळले होते. ‘लॅन्सेट’मध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू या उपायाविना अपेक्षित असलेल्या संख्येपेक्षा 13.4 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र तेथे बहुतेक सारी दारू परवानाधारकांकडूनच विकली जाते, हे विसरून चालणार नाही.

पूर्व विदर्भात मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात, ती वेचून वाळवली जातात, आणि याच फुलांचा सडवा, म्हणजे पाण्यात आंबवलेला लगदा, हातभट्टीवर चढवला जातो. विनापरवाना दारू गाळणे हा दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली गुन्हा असला, तरी त्या दारूवर ना शुल्क लागते, ना छापील किंमत. पलीकडच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तर चंद्रपुरात 2015 मध्ये लागू केलेली बंदी शासनानेच 2021 मध्ये उठवली. रोजगार हमीची 2025-26 मधील मजुरी 312 रुपये धरली, तर 80 रुपयांचा पव्वा चौथा हिस्सा खातो. अशा मजुराने भाव चढल्यावर पिणे सोडले की तो भट्टीकडे वळला, हे दुकानाच्या विक्रीच्या आकड्यांतून कळत नाही. विषारी गावठी दारूने 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक बळी घेतले, तेव्हा दुकानापासून दूर लोटलेले गिऱ्हाईक कुठे जाऊ शकते, हे राजधानीतच दिसून आले.

म्हणून किमान भावाला तीन गोष्टींची जोड हवी : भाव मद्यार्काच्या प्रमाणात ठरावा, मोहफुलाला लाडू, सरबत, चारा अशा वापरांसाठी रास्त दर देणारे गिऱ्हाईक मिळावे, आणि गावाच्या हाती आधीच असलेले साधन वापरात यावे. राज्याच्या नियमांनुसार 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते, ज्याला ‘आडवी बाटली, उभी बाटली’ म्हणून लोक ओळखतात. पण तिथे आडवी पडते ती परवान्याचीच बाटली. हातभट्टीवर धाड घालण्याचे काम राज्य उत्पादन शुल्क विभागाचे व पोलिसांचेच राहते. शासनाने या निर्णयासोबत विभागात 744 नवी पदे मंजूर केली आहेत. ती महसूल मोजण्यात खर्ची पडणार की भट्ट्या शोधण्यात, यावरच वाढलेल्या भावाचा आरोग्याला कितपत लाभ होतो ते ठरेल.