पेठेजवळ घर घेताना

घर घेण्यापूर्वी माणूस वकिलाला कागद दाखवतो, बँकेत हप्ता विचारतो, वास्तुशास्त्रवाल्याला दरवाजाची दिशा विचारतो. डॉक्टरला मात्र कोणी विचारत नाही. राहायला गेल्यावर त्या घरातून निघालेल्या तक्रारी घेऊन मंडळी दवाखान्यातच येतात. माझे मूळ गाव सातारा, दवाखाना सांगलीत. दोन्हीकडचे रुग्ण आणि नातेवाईक पाहताना केसपेपरवर नाव आणि वय यांच्याइतकेच लक्ष मी आता पत्त्याकडेही देतो.

साठीच्या पुढची अनेक जोडपी हल्ली लांबच्या कॉलनीतला बंगला विकून बाजारपेठेजवळ फ्लॅट पाहतात. मुले पुण्याला, शेजारचे प्लॉट रिकामे, साधी कोथिंबीर आणायची तरी स्कूटर काढावी लागते. अशांचा पेठेत येण्याचा विचार मला मनापासून पटतो. मधुमेहाच्या रुग्णाला 'रोज अर्धा तास चाला' असे मी सांगतो आणि तो मान डोलावून घरी जातो. पण मंडई, देऊळ, बँक आणि वाचनालय चालत जाण्याजोगे असले, तर तो अर्धा तास न सांगता होतो. जाता-येता चार माणसे भेटतात, हाही लाभ लहान नाही. गोंगाट, धूळ आणि मिरवणुकांचा आवाज हा पेठेचा तोटा खरा. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची कायदेशीर मर्यादा आहे. ती मुख्य चौकात कितपत पाळली जाते ते वाचकांना ठाऊक आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी आणि दम्याच्या रुग्णांनी चौकातले घर टाळून दोन गल्ल्या आत यावे, एवढे सांगून हा विषय सोडतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. पेठेजवळ म्हणजे नेमके कुठे? सांगलीत याचे उत्तर उंचीत आहे आणि साताऱ्यात चढउतारात.

सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाने येत नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, साताऱ्याजवळ संगम माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते. वरच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना सांगलीत कधीकधी ऊनही पडलेले असते. त्यामुळे नव्याने आलेल्या माणसाला धोका कळतच नाही. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी धरतात. २००५ साली पाणी त्याच्या बरेच वर गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही पुढे गेले, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा गावात शिरले. मारुती चौक, स्टँडचा परिसर, नदीकाठचे प्लॉट यांनी ते दिवस पाहिले आहेत. विश्रामबागेकडची बाजू त्या मानाने उंचावर आहे.

पुराचे पाणी घरात शिरण्यापूर्वी बऱ्याचदा संडासाच्या भांड्यातून वर येते. नदी चढली की ड्रेनेजचे पाणी उलटे फिरते आणि तळमजल्यावर सर्वांत आधी प्रकट होते. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला भेग किंवा जखम असेल तर तेथून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात जातात. साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल अशी लक्षणे दिसू लागतात. तोपर्यंत पूर ओसरलेला असतो आणि घर धुऊन झालेले असते, त्यामुळे रुग्ण पाण्यात उतरल्याचे सांगायलाच विसरतो. ते आम्हाला विचारून काढावे लागते. वेळेत उपचार झाले तर हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि यकृत धोक्यात येतात. त्यानंतर राहते ती ओल. भिंत वरून सुकलेली दिसली तरी आत पाणी महिनोन्महिने मुरलेले असते, गिलाव्यावर बुरशी धरते, आणि त्या खोलीत झोपणाऱ्या दमेकऱ्याचा पंप काही सुटत नाही. नवा रंग मारलेले तळमजल्याचे घर स्वस्तात मिळत असेल, तर रंगाखाली काय आहे ते विचारावे.

विचारावे कोणाला? बिल्डरला नव्हे. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला, शेजारच्या आजीबाईंना. '२०१९ ला पाणी कुठवर होते?' एवढाच प्रश्न. लोक हाताने भिंतीवरची खूण दाखवतात. त्याशिवाय जलसंपदा खात्याच्या पूररेषा असतात. २५ वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची ती लाल. महापालिकेत जाऊन आपला प्लॉट कोणत्या रेषेच्या आत येतो ते पाहण्यास अर्धा दिवस लागेल. '१०० वर्षांतून एकदा' या शब्दांनी निर्धास्त होऊ नये. हा शक्यतेचा हिशेब आहे, पंचांग नव्हे.

पूर काही वर्षांनी येतो, नळाचे पाणी मात्र रोज येते. त्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण कावीळ, टायफॉइड आणि जुलाब यांचे रुग्ण मी कोणत्याही पुरापेक्षा अधिक पाहिले आहेत. आपल्या गावांत पाणी ठरावीक वेळ येते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होऊ लागतो, आतला दाब उतरतो, आणि जोड जिथे सैल असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. जुन्या पेठांत पाण्याची नळी आणि गटार एकाच बोळातून, कधी एकमेकांना चिकटून जातात. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली, तर ओढ आणखी वाढते. शेजाऱ्याचे पाणी पळवण्याच्या नादात आपण गटाराचे पाणी बोलावतो. दिल्लीत १९५५-५६ च्या काविळीच्या साथीत सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. यमुनेतले सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरले होते. तो हिपॅटायटिस ई होता हे पुष्कळ वर्षांनी सिद्ध झाले. आपल्याकडे मिरजेने २०१४ च्या अखेरीस गॅस्ट्रोची साथ सोसली आहे. हिपॅटायटिस ई बहुतेकांना आपोआप सोडतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो शंभरातल्या वीसेक स्त्रियांचा जीव घेऊ शकतो. घरात सून गरोदर असेल किंवा लवकरच बाळाची चाहूल अपेक्षित असेल, तर फरशी आणि किचन ओटा पाहण्याआधी नळ पाहावा.

तो पाहण्याची रीत सोपी आहे. पाणी येण्याच्या वेळेला त्या घरी जावे. पहिली बादली पांढऱ्या भांड्यात घ्यावी, रंग पाहावा, वास घ्यावा. गढूळ येऊन मग स्वच्छ होत असेल तर जोड फुटका असण्याचा संशय धरावा. क्लोरीनचा किंचित वास आला तर तोंड वाकडे करू नये. ती चांगली खूण आहे. शेजारच्या दोन घरांत गेल्या वर्षी कोणाला कावीळ झाली होती का, हेही विचारावे. असा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण सांगायला कोणी लाजत नाही.

ज्यांना पेठ परवडत नाही ते जवळच्या गुंठेवारीकडे वळतात. तिथे ड्रेनेज नसेल तर प्रत्येकाचा सेप्टिक टँक आणि प्रत्येकाचा बोअर. पिण्याच्या पाण्याची विहीर घाणीपासून किमान ५० फूट दूर असावी, असे आम्हाला शिकवले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चौरस प्लॉट धरला तर बाजू ३३ फूट, आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर ४७ फूटही भरत नाही. म्हणजे एक गुंठ्याच्या प्लॉटवर हा नियम पाळणे शक्यच नाही, शिवाय शेजाऱ्याचा टँक वेगळाच. अशा बोअरचे पाणी भांडी-कपड्यांना ठेवावे, पिण्यासाठी उकळावे. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात पावसाचे पाणी साचून राहते, तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

आता साताऱ्याकडे. सातारकरांना महापुराची भीती फारशी नाही. त्यांचे गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसले आहे. राजपथासारखे रस्ते साधारणपणे डोंगराला समांतर जातात, त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या मात्र छातीवर येतात. तिशीत हा चढ व्यायाम असतो. हृदयाची अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला जेवणानंतर पिशवी घेऊन तो चढणे जड जाते. गुडघेवाल्यांची गोष्ट उलटी आहे: त्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक दुखते, कारण उतरताना वाटीमागच्या सांध्यावर भार येतो. म्हणून घर मंडईच्या वर की खाली असा वाद घालू नये. मंडईच्याच पातळीवरचे घर शोधावे, मग ते चार गल्ल्या लांब असले तरी चालेल. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी राजवाड्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर घर घेतले, पण मधल्या चढामुळे त्यांच्या पत्नी आठवड्यातून एकदाच बाहेर पडतात. नकाशावर जवळ दिसणारे ते घर त्यांच्या गुडघ्यांना लांब पडले.

डोंगरावरून येणारे ओढे गावातून वाहतात, काही घरे त्यांच्या अगदी काठावर आहेत. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, तेव्हा घर पाहू नये. उतार कापून बांधलेल्या घराची मागची भिंत मातीला टेकलेली असते. जुलैत तिला हात लावून पाहावा.

दोन्ही गावांत जिना पाहायला विसरू नये. छातीत कळ आली तर लवकरात लवकर रुग्णालय गाठायचे असते, पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. १०८ ची गाडी फोन केल्यावर येते, पण बोळाच्या तोंडाशी थांबते. तेथून घरापर्यंत किती पावले, आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळतो का, हे टेप घेऊन मोजावे. लिफ्ट असली तरी तिच्यात आडवा माणूस मावत नाही आणि वीज गेली की ती बंद पडते.

कोणता मजला घ्यावा, असे मला हमखास विचारतात. सांगलीत पूररेषेच्या आसपास पहिला मजला घ्यावा, तळाशी पार्किंग असेल तर उत्तमच; फक्त त्या पार्किंगमध्ये पाणी साचून डेंग्यूचे डास होत नाहीत ना ते आठवड्याला पाहावे, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. साताऱ्यात ज्येष्ठांनी रस्त्याच्या पातळीवरचे, मागे मोकळी जागा असलेले घर पसंत करावे. आणि घाई नसेल तर त्याच गल्लीत जून ते सप्टेंबर भाड्याने राहावे. चार महिन्यांचे भाडे जाईल, पण नळ, गटार, ओल आणि चढ यांची चौकशी आपोआप होईल.